तेराशे ऐंशीच्या आसपास

माहुलच्या हवेत पाणी असतंच, कडक ऊन पडलं तरी.
म्हणून खोलीतलं पाणी ओढणारं यंत्र
रात्रंदिवस घरघरतं
आणि सरमळकर दर दोन तासांनी त्याची बादली
बेसिनमध्ये ओततो, न बोलता.

ब्रोमाइडचं मीठ फार हळवं.
जरा दमटलं की गोळी दुधाळ,
मग अवरक्त किरण आरपार जायला तयार नाही.
आज तीन गोळ्या अशाच गेल्या.
चौथी दिव्याच्या उबेत घोटली
अकिकाच्या खलात, मनगट भरून येईस्तोवर,
शंभराला एक या मापात
रिअॅक्टरमधून काढलेली ती भुकटी,
जिच्यावरचा कोळसा काल भट्टीत जाळला.

प्लांटवरून दुभाशांचा फोन:
"बोरॉन आहे की नाही, एवढंच सांगा."
एवढंच.
घरात माणूस आहे का विचारावं
आणि उठून बसतो का, ते विचारू नये, तसं.

आहे हो. प्रश्न हातांचा आहे.
तीन हातांनी ऑक्सिजन धरून सपाट पडलाय
की चौथा हात पुढे करून
ॲल्युमिनाला बिलगलाय?
तीन हातांचा तेराशे ऐंशीच्या आसपास थरथरतो,
चार हातांचा हजाराच्या,
तिथे ॲल्युमिनाची सावली येऊन पडते, नीट दिसत नाही.
शिखर म्हणायचं आणि कागदावर दरी काढायची,
ही आमच्या धंद्याची रीत.

वडील टाकणखार म्हणायचे.
चेंबूरला, दुसऱ्याच्या पेढीच्या पोटमाळ्यावर
डाख द्यायचे.
सहाणेवर पाण्यात उगाळलेला टाकणखार
पिसाने सांध्याला लावायचा,
मग बाकनळी तोंडात, गाल फुगलेले.
टाकणखार आधी लाहीसारखा फुलायचा,
मग बसायचा, काच व्हायचा,
आणि त्या काचेखालून डाख पळायचा.
"पाणी गेल्याशिवाय धरत नाही," म्हणायचे.
तेवढंच त्यांचं रसायनशास्त्र.

त्यांची डबी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
लेबल नाही, शुद्धतेचा दाखला नाही,
ऑडिटरला दाखवण्यासारखी नाही.
पण टाकणखारात दोन्ही जातीचे बोरॉन असतात,
दोन तीन हातांचे, दोन चार हातांचे, एकाच चौकटीत.
पाचवी गोळी त्या डबीतली केली.
खलातला आवाज ओळखीचा वाटला, की मीच तसा ऐकला.

पडद्यावर दोन रेघा.
वडिलांची निळी, दोन्हीकडे उतरलेली.
रिअॅक्टरची लाल, तेराशे ऐंशीला खोल,
खांद्याशी जरा फुगीर
(हलका बोरॉन, पाचात एक, तो सगळीकडेच असतो)
आणि हजाराजवळ जवळजवळ सपाट.
वाफेने चौथा हात सोडवलाय.
आता पुढच्या वाफेबरोबर पाइपात जाईल,
एखाद्या थंड वळणावर पांढरा साचेल.

"आणि हे काय?" झैनबने बोट ठेवलं,
दोन हजार तीनशे पन्नासचा जोडखळगा.
"तू," म्हटलं. "झाकण उघडं असताना वाकली होतीस.
तुझा श्वास आहे."
ती हसली. मग श्वास धरून उभी राहिली.
पुन्हा घेतलं.
खळगा उथळ झाला, गेला नाही.
उरलेला माझा.

दुभाशांना फोन लावला.
"आहे," म्हटलं, "पण धरून नाही."
पलीकडे बराच वेळ काही नाही,
नुसता सोंगट्यांचा टकटकाट,
आणि मागून कुणीतरी ओरडलं,
"पावडर टाक की रे, अडकतंय!"

तीही बोरिकच.

सरमळकर बादली घेऊन आत आला.